हुरड्याला पाहुणे जाताना

परदेशी शिकायला गेलेल्या मित्रमैत्रिणींच्या फोटोंत बार्बेक्यूची संध्याकाळ हमखास असते. मधे शेगडी, भोवती यजमान आणि पाहुणे. ते फोटो बघताना मला आपला हुरडा आठवतो. गेले दोन हिवाळे मी मैत्रिणीच्या गावी, आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेला भागात, हुरड्याला जाते आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी हुरडा फक्त ऐकलेला असतो. म्हणून तो काय असतो आणि तिथे पाहुण्यानं कसं वागायचं, ते सांगते.

आधी गाव कुठे, ते. नागपूरहून राष्ट्रीय महामार्ग ४४ ने पांढरकवडा मागे टाकलं की पुढे पैनगंगा लागते. अलीकडे यवतमाळ जिल्हा, पलीकडे तेलंगण. हा मुलूख पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ साली तो आंध्र प्रदेशात गेला आणि २ जून २०१४ पासून तेलंगणात आहे. तरी नदीकाठच्या कितीतरी घरांत मराठीच चालते. पाटी तेलुगू, गप्पा मराठी. ज्वारीच्या भाकरीला शेजारी जोन्न रोट्टे म्हणतात, एवढाच फरक.

हुरडा म्हणजे ज्वारीचा कोवळा, भाजलेला दाणा. रब्बी ज्वारीच्या कणसात आधी दूध भरतं, मग ते घट्ट होत जातं. दाणा हिरवा आणि मऊ असतो, पण दाबला तर दूध उडत नाही, ती हुरड्याची वेळ. तेव्हा दाण्यात साखर भरपूर असते. पुढे तिचा स्टार्च होतो, गोडी जाते आणि दाणा टणक होतो. हे दिवस थोडेच मिळतात. त्यामुळे हुरड्याचं आमंत्रण आधी तारीख ठरवून येत नाही. फोन येतो, "या आता," आणि आपण निघायचं असतं.

शेतात छोटा खड्डा करतात, तीच आगटी. त्यात गोवऱ्या पेटवायच्या. जाळ बसला, धूर गेला आणि निखारे फुलले की कणसं त्यात खुपसायची आणि फिरवत राहायचं. भाजलेलं कणीस गरम असतानाच तळहातावर चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा, की हिरवे दाणे हातात. सोबत तिळाची किंवा शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. हरभरा आला असेल तर त्याचा हुळाही त्याच विस्तवावर. वर ताक. पाणी लगेच पिऊ नये, असं जुनी माणसं सांगतात.

पाहुण्यानं पाळायच्या गोष्टी तीन. एक, आगटीभोवती खालीच बसायचं, खुर्ची मागायची नाही. दोन, हातावर पडेल तो घास गरम असतानाच खायचा, फोटो नंतर. तीन, चोळणाऱ्याला अधूनमधून सुट्टी द्यायची. भाजणारा आणि चोळणारा सगळ्यात शेवटी खातो, आणि चोळून चोळून त्याचे तळहात पोळलेले असतात. मैत्रिणीचे काका मला म्हणायचे, "खाय ना बाई, लाजू नोको." मग मी त्यांच्या हातातलं कणीस घेऊन स्वतः चोळायला बसले, तेव्हा त्यांनी पहिला घास खाल्ला.

या पाहुणचाराची किंमत लक्षात घ्यायला हवी. बार्बेक्यूचं सामान दुकानातून येतं. हुरड्यासाठी शेतकरी पीक तयार होण्याआधीच कापतो. पिकली असती तर त्या कणसांची भाकरी झाली असती. कोठारात काही येण्याआधी पाहुण्याचा वाटा निघतो.

आपल्या कॉलेजात बायबलमधली रूथची गोष्ट अनेकांनी ऐकली असेल. मवाबातून आलेली ही परकी विधवा बेथलेहेमला बवाजाच्या शेतात सरवा वेचते. जेवणाच्या वेळी तो तिला कापणी करणाऱ्यांबरोबर बसवतो आणि भाजलेलं धान्य देतो. ती पोटभर खाते आणि उरलेलं सासूसाठी, नामीसाठी, घेऊन जाते. बेल्याला निघताना काकूंनी माझ्या पिशवीत हुरड्याची पुडी टाकली, "आईले दे" म्हणून, तेव्हा मला ही गोष्ट नव्यानं कळली.

पण ज्वारी कमी होते आहे. तिकडे आता जिकडेतिकडे कापूस आणि सोयाबीन. काका म्हणाले, अडचण भावाची आहेच, पण त्याहून मोठी पाखरांची. आधी सगळ्यांच्याच शेतात ज्वारी असायची, तेव्हा पाखरं वाटली जायची. आता दोघा-तिघांनीच पेरली तर सगळ्या शिवाराची पाखरं त्यांच्यावरच उतरतात. मग तेही सोडतात. बैल कमी झाले, तशी कडब्याची गरजही घटली.

महाराष्ट्रात कृषी पर्यटन केंद्रांवर पैसे भरून हुरडा पार्टी मिळते. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं 'फुले उत्तरा', 'फुले मधुर' असे खास हुरड्याचे वाण काढलेत. शेतकऱ्याला पैसे मिळतात, हे चांगलंच आहे. तरी कुणी घरचं बोलावणं धाडलं तर परीक्षा, सबमिशन सांभाळून जरूर जा. जाताना वाण्याकडून गूळ न्या आणि येताना ज्वारी विकत मागा, पाच किलो का होईना. पुढच्या वर्षी ती पेरायची की नाही, हे घरात ठरतं तेव्हा असं गिऱ्हाईकही मोजलं जातं.