परत मागविलेला कुकर परत येतो काय?

कुकरचे झाकण उडाले आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईचा हात भाजला, तर पहिला दोष बहुधा तिच्याच माथी येतो. पाणी कमी घातले असेल, रबर जुने झाले असेल, लक्ष नसेल, अशी कारणे घरातच शोधली जातात. कुकरच मुळात सदोष असेल, ही शंका क्वचितच कोणाच्या मनात येते.

वस्तुतः प्रेशर कुकर हे साधे भांडे नव्हे. कोंडलेल्या वाफेच्या दाबामुळे त्यातील पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते. शिट्टी तुंबलीच तर सेफ्टी व्हॉल्व्हने वाफेला वाट करून द्यावी, अशी त्याची योजना असते. हा व्हॉल्व्ह निकृष्ट निघाला, तर घरच्यांनी घेतलेली सारी खबरदारी व्यर्थ होय. म्हणूनच केंद्र सरकारने घरगुती कुकरवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह सक्तीचे केले. २०२१ च्या फेब्रुवारीपासून ही सक्ती अमलात आली.

तरीही मानकात न बसणारे कुकर विकले गेलेच. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अ‍ॅमेझॉनवरून विकले गेलेले २,२६५ आणि फ्लिपकार्टवरून विकले गेलेले ५९८ कुकर परत मागवून ग्राहकांचे पैसे परत करण्याचे आदेश दिले. प्रत्येकी १ लाख रुपयांचा दंडही ठोठावला. हा अधिकार २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २० ने दिलेला आहे. या आदेशांना दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले.

तथापि खरा प्रश्न न्यायालयाबाहेरचा आहे. या दोन प्रकरणांत निदान प्रत्येक ग्राहकाचे नाव आणि पत्ता विक्रेत्याच्या दप्तरी होता. गावच्या भांड्याच्या दुकानातून घेतलेल्या किंवा लग्नात आहेर म्हणून आलेल्या कुकरचा माग कोणी आणि कसा काढावा? पावती हरवलेली असते, हमीपत्र कोरेच राहिलेले असते. अशा घरापर्यंत आदेश पोचत नाही. धोका मात्र रोज चुलीवर चढतो.

अमेरिकेत उत्पादनातील धोकादायक दोषाची माहिती मिळताच २४ तासांच्या आत सुरक्षा आयोगाला कळविणे हे उत्पादक व विक्रेत्यांवर बंधन आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये तेथे क्रॉक-पॉट बनावटीचे ९ लाखांहून अधिक विजेचे कुकर परत मागविण्यात आले. झाकण नीट न बसताही त्यांत दाब वाढू शकत होता.

आपल्याकडेही दोष दडविणे महाग आणि सांगणे सोपे व्हावयास हवे. प्रत्येक कुकरवर क्रमांक, दुकानदाराकडे खरेदीदाराची नोंद, आणि परतीची सूचना स्थानिक भाषेत, रेशन दुकानाच्या फलकापर्यंत, एवढे झाले तरी पुष्कळ साधेल. परत मागविण्याचा हुकूम दिल्लीत निघतो. तो पुरा होतो स्वयंपाकघरात. तेथे तो पोचत नसेल, तर भाजलेल्या हाताचा दोष त्या बाईवर ढकलण्याचा अधिकार कोणालाही उरत नाही.