पूर सत्रात बसत नाही

डिझाइन शिकणारी मुलं म्हणजे खुर्च्या, गाड्या आणि मोबाइलचे पडदे सजवणारी मंडळी, असा समज घरोघरी असतो. काशीच्या माझ्या मामाचाही होता. मी पुण्यात डिझाइन शिकवते आणि हिवाळा सरता सरता विद्यार्थ्यांची एक तुकडी घेऊन त्याच्याकडे, ब्रह्माघाटावर जाते. पहिल्यांदा तुकडी आली तेव्हा त्याने विचारलं होतं, "ह्यांना इथं काय सजवायचंय?"

ब्रह्माघाट हे माझं आजोळ. पंचगंगा घाटाच्या पलीकडे, दुर्गाघाटाला लागून. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात नारायण दीक्षित पाटणकर काशीला येऊन राहिले आणि हे दोन्ही घाट बांधले गेले, तेव्हापासून ही मराठी माणसांची वस्ती. आंग्र्यांच्या वाड्यातला गणेशोत्सव, गौड सारस्वतांचा काशीमठ, दत्ताचं देऊळ, सगळं चार पावलांवर. दशाश्वमेधासारखी गर्दी इथे नसते, म्हणून मुलांना एका जागी बसून बघता येतं. बसून बघणं हा आमच्या अभ्यासक्रमातला सगळ्यात अवघड भाग आहे, पण त्याला श्रेयांक नाहीत.

समाजाच्या प्रश्नांवर काम करणारे डिझायनर घडवायचे, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. 1958 साली चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन जोडपं सरकारच्या निमंत्रणावरून भारतभर फिरलं. त्यांनी दिलेल्या अहवालात सगळ्यात जास्त कौतुक आहे ते लोट्याचं. तो भरलेला असताना तोल कुठे राहतो, डोक्यावर न्यायचा की कमरेवर, रिकामा दगडावर ठेवला तर आवाज कसा येतो, घासायला सोपा आहे का, असे प्रश्न त्यांनी मांडले. 1961 मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली, तिच्या मुळाशी हा अहवाल होता. 1969 मध्ये पवईच्या आयआयटीत औद्योगिक डिझाइन केंद्र सुरू झालं, त्याच्या उभारणीत सुधाकर नाडकर्णी यांचा मोठा वाटा. जे.जे.मध्ये शिकून ते जर्मनीतल्या उल्मच्या शाळेत गेले, आणि तिथे पदवीसाठी त्यांनी विषय घेतला मुंबईच्या दूधकेंद्राचा! आजूबाजूला युरोपातल्या कारखान्यांच्या वस्तूंवर काम चाललेलं असताना या माणसाला आरेच्या दुधाची रांग आठवली, हे मला फार आवडतं. पुढे गुवाहाटीच्या आयआयटीत डिझाइन विभागही त्यांनीच उभा केला. आसामातल्या रिक्षा बँकेसाठी हलक्या, बसायला सोयीच्या सायकलरिक्षाचं जे काम झालं, त्यात या विभागाचा हात होता.

1979 साली अहमदाबादला आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि डिझाइनने विकासाच्या कामी यावं, असा जाहीरनामा निघाला. जाहीरनामा चांगला आहे. जाहीरनाम्यांचं जे होतं तेच त्याचंही झालं.

आज बहुतेक डिझाइन महाविद्यालयांत 'सामाजिक' या नावाने एखादा तरी प्रकल्प असतो. मुलं वस्तीत जातात, लोकांशी बोलतात, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवतात, 'समस्या' निवडतात, नमुना करतात, परीक्षकांपुढे मांडतात. ही पद्धत वाईट नाही. तिच्यामुळे निदान माणसांशी बोलायची सवय लागते. अडचण वेगळीच आहे आणि ती मला ब्रह्माघाटाने दाखवली. आमची सत्रं जानेवारी-फेब्रुवारीत मोकळी असतात, म्हणून आम्ही तेव्हा जातो. त्या वेळी गंगा खाली गेलेली असते, पायऱ्या धुऊन लख्ख असतात, ऊन कोवळं असतं. अशा घाटावर काहीही उभं केलं तरी उभं राहतं.

आता पावसाळ्यातला घाट. वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी 71.262 मीटर. 1978 च्या सप्टेंबरात पाणी 73.901 मीटरपर्यंत चढलं होतं. उन्हाळ्यातलं पाणी आणि पुरातलं पाणी यांत तीन-चार मजल्यांचं अंतर पडतं. ब्रह्माघाटाच्या पायऱ्या दिसेनाशा होतात, एका घाटावरून दुसऱ्या घाटावर चालत जाता येत नाही, आणि पाणी ओसरलं की मागे राहतो गाळ. पायऱ्यांचा आकारच कळू नये इतका. मग पंप लावून पाण्याचे फवारे मारायचे आणि तो गाळ परत नदीत लोटायचा. दिवाळीपर्यंत हेच चालतं. ज्यांनी चुनारच्या दगडाचे हे घाट बांधले त्यांना हे सगळं ठाऊक होतं. नदीत पुढे आलेल्या मढ्या, म्हणजे दगडी चौथरे बघा, बहुतेक अष्टकोनी. प्रवाह त्यांच्यावर आदळून थांबत नाही, कडेने सरकतो.

एका विद्यार्थिनीने म्हाताऱ्या बायकांसाठी कठड्याचा प्रकल्प घेतला होता. इथल्या पायऱ्या उंच, गुडघे धरणाऱ्या, त्यामुळे विषय अगदी रास्त. तिने उंची मोजली, बायका कुठे थांबतात, कुठे एकमेकींच्या खांद्याला धरतात याच्या नोंदी केल्या, स्टीलच्या नळीचा सुबक कठडा काढला. चित्र घेऊन आम्ही एका मल्लाहाकडे, म्हणजे नावाड्याकडे गेलो. त्याने ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, पाणी चढलं की माझी नाव याच पायऱ्यांवरून जाते, तेव्हा ही नळी पाण्याखाली हातभर असेल, मला दिसणार कशी? नावेचं बूड फाटेल. पोरगी गप्प झाली. तिच्या सगळ्या नोंदींत नाव होती, पण ती काठाला बांधलेली.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर काशीने सोसली आहे. 14 जून 1986 रोजी, इथल्याच राजेंद्रप्रसाद घाटावर, राजीव गांधींनी गंगा कृती योजनेची सुरुवात केली. सांडपाणी नदीत जाण्याआधी अडवायचं आणि शुद्धीकरण केंद्रापर्यंत उचलून न्यायचं, असा बेत. त्यासाठी हरिश्चंद्र, मानसरोवर, त्रिलोचन अशा घाटांवर विजेचे पंप बसले. कागदावर यंत्रणा पूर्ण होती. पण ज्या गावात वीज तासन्‌तास जायची तिथे पंपही तासन्‌तास बंद, आणि पंप बंद म्हणजे मैला थेट गंगेत. पुरात तर पंपघरं पाण्याच्या तावडीत, म्हणजे ती बंदच ठेवायची. हे ठामपणे मांडलं वीरभद्र मिश्र यांनी. संकटमोचन मंदिराचे महंत आणि बनारस हिंदू विद्यापीठात जलशास्त्राचे प्राध्यापक, दोन्ही एकाच देहात. 1982 मध्ये त्यांनी संकटमोचन फाउंडेशन स्थापन केलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. घाटांच्या कडेने नळ टाका, उतारावर पाणी आपसूक वाहू द्या, आणि शहराबाहेर तळ्यांच्या मालिकेत ते ऊन आणि शेवाळाच्या मदतीने शुद्ध करा. विजेची गरज कमीत कमी. 1820 च्या दशकात इथल्या टांकसाळीत नोकरीला आलेल्या जेम्स प्रिन्सेपनेही दाट वस्तीखालून कमानीचा बोगदा काढून साचलेलं पाणी उतारानेच वाहून नेलं होतं.

2013 मध्ये वारले तोपर्यंत मिश्रांना आपली पूर्ण योजना अमलात आलेली दिसली नाही. पण मुलांना मी त्यांच्याबद्दल सांगते ते वेगळ्या कारणाने. हा माणूस रोज पहाटे त्याच पाण्यात स्नान करायचा. पंप बंद पडला की ते त्याला अहवालातून कळायची वेळ येत नसे.

विद्यार्थ्याने रोज गंगेत बुडी मारावी असं मी म्हणत नाही. (काही जण मारतात, नंतर पोट धरून बसतात.) पण आपण केलेली वस्तू वर्षभर कोण वापरणार, कोण धुणार, मोडली तर कोण जोडणार आणि पूर आला की कोण उचलून वर नेणार, ही चार उत्तरं नसतील तर तो प्रकल्प पास करू नये, असं माझं मत झालं आहे. सहकाऱ्यांपैकी काहींना हे जाचक वाटतं. त्यांचं म्हणणं, याने मुलांची कल्पकता मरते. मला तसं दिसलेलं नाही.

एका वर्षी दोघा मुलांनी बायकांसाठी कपडे बदलायची घडीची खोली केली होती. घाटावर अशा पत्र्याच्या, कापडाच्या खोल्या असतातच, यांची अधिक देखणी होती. स्नानाला आलेल्या बायकांना विचारलं तर त्या हसल्या. आडोसा आम्ही एकमेकींचा करतो, म्हणाल्या, ओल्या साडीचं पाणी कोरड्या कपड्यांवर निथळतं त्याचं सांगा. कोरडी पिशवी ठेवायला सुकी जागा नाही, टांगायला खुंटी नाही. मुलांनी खोली मोडीत काढली आणि घाटियाकडे जाऊन बसली. घाटिया म्हणजे बांबूच्या छत्रीखाली चौकी मांडून बसणारा, संकल्प सांगणारा, गंध लावणारा ब्राह्मण. यात्रेकरूंचे कपडे आणि पिशव्या पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याच भरवशावर राहतात. गंगा चढायला लागली की तो आपली चौकी आणि छत्री एकेक पायरी वर सरकवत नेतो. मुलांनी काय केलं, तर छत्रीच्या दांड्याला अडकेल असा आडव्या खुंट्यांचा बांबू बनवला. छत्री वर गेली की खुंट्याही वर जातात. खर्च किरकोळ, आणि दुरुस्ती गल्लीतला सुतार करतो.

मामाने तो बांबू हातात घेऊन खुंट्या हलवून पाहिल्या. "हे बरं आहे," म्हणाला. मग लगेच, "पण पंडितजी खुंटीचे पैसे मागायला लागले तर?" ते मुलांनी धरलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी घाटियाशी दर ठरवण्यावरून त्यांची जी वादावादी झाली, तिच्यातून ते वर्गातल्या अख्ख्या सत्रापेक्षा जास्त शिकले असावेत.

परीक्षकांना हा बांबू फारसा पटला नाही. सादरीकरणात दिसायला काही नव्हतं, एक बांबू आणि चार खुंट्या. घडीच्या खोलीचं चित्र मात्र त्यांना फार आवडलं, ते का सोडलं म्हणून विचारणा झाली.

आता मी दौराच हलवायच्या मागे आहे. ऑक्टोबरात, पाणी ओसरताना जायचं आणि घाट धुणाऱ्या कामगारांबरोबर आधी आठवडाभर गाळ काढायचा, वही नंतर. अडचणी पुष्कळ आहेत. तेव्हा सत्र भर रंगात असतं, हजेरीचा प्रश्न येतो, पालकांच्या संमतीपत्रात गाळ कुठल्या रकान्यात लिहायचा हे कार्यालयाला सुचत नाही. मामाला फोन करून विचारलं, इतक्या मुलांची सोय होईल का. "होईल की," तो म्हणाला, "पण फावडी तुमची तुम्ही आणा. इथली तेव्हा रिकामी नसतात."