मैलापाण्याचा पंप आणि खड्ड्यात न उतरण्याची गोष्ट

मैलापाणी उताराने जातं, त्याला वीज लागत नाही. पण पुण्या-मुंबईत इमारतींखाली पार्किंगचे मजले आले, तिथे वॉचमन आणि ड्रायव्हरांसाठी संडास बांधले गेले आणि ते रस्त्यातल्या ड्रेनेज लाइनच्याही खाली गेले. डोंगरउतारावरच्या बंगल्यांचं तेच. अशा ठिकाणी मैलापाणी आधी खड्ड्यात साठवून पंपाने वर ढकलावं लागतं. पंप चालतोय तोवर सोसायटीच्या सभेत त्याचा विषयही निघत नाही. बंद पडला, पार्किंगमध्ये घाण पसरली, की मग एकच धावपळ. माणसं दगावतात ती याच धावपळीत. म्हणून हा पंप घरातल्या कुणाला तरी नीट माहीत असावा, असं मला मनापासून वाटतं.

खड्डा भरला तरी पंप सुरू होत नसेल, तर पॅनेलला वीज आहे ना हे पाहून आधी फ्लोटवर संशय घ्यावा. केबलला लटकणारा हा पोकळ प्लास्टिकचा गोळा पाण्याबरोबर वर आला की पंप सुरू होतो, खाली गेला की बंद. त्याच्यावर चरबीचा थर चढतो किंवा केबल पाइपाला गुंडाळली जाते. खालीच अडकला तर खड्डा भरून वाहतो. वर अडकला तर पाणी संपलं तरी पंप फिरत राहतो, आणि हे नुकसान मोठं. पाण्यात बुडालेली मोटर त्या पाण्यानेच थंड राहते. कोरडी चालली की तापते, सील जातं, पाणी आत शिरतं.

पंप नुसताच घुमत असेल, फिरत नसेल, तर इम्पेलर, म्हणजे पाणी फेकणारं पंपातलं चक्र, अडकलेला असतो. सिंगल फेजचा असेल तर कपॅसिटरही गेलेला असू शकतो. स्विच लगेच बंद करावा. ओव्हरलोड ट्रिप झाला की पुन्हा पुन्हा रीसेट दाबणारे वाइंडिंग जाळून घेतात. थ्री फेज पंप दुरुस्तीनंतर चालतोय पण पाणी जेमतेम फेकतोय, अशी तक्रार असेल तर तो उलटा फिरत असण्याची शक्यता असते. इलेक्ट्रिशियनने दोन फेज अदलाबदल केले की काम होतं. आणि पंप सारखा चालू-बंद होत असेल तर तो थांबल्यावर कान देऊन ऐकावं. चढवलेलं पाणी धो धो परत खड्ड्यात पडत असेल, तर नॉन रिटर्न व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय. तेच पाणी पंप पुन्हा पुन्हा उचलतो आणि बिल आपण भरतो.

अडकलेला पंप साखळीने वर ओढून उघडतात तेव्हा एकदा शेजारी उभं राहून पाहावं. इम्पेलरभोवती दोरखंडासारखा पीळ बसलेला असतो: ओले वाइप्स, केसांचे गुंते, पोछ्याचे धागे, मध्येच सॅनिटरी पॅडचा फुगलेला तुकडा. कारागीर तो कात्रीने कापून काढतो. वाइप्सच्या पाकिटावर फ्लश करता येतं असं छापलेलं असलं तरी टॉयलेट पेपरसारखे ते पाण्यात लगेच सुटे होत नाहीत. कटर पंप घेतला म्हणजे काहीही टाकायला मोकळे, हाही गैरसमज. पात्यांची धार जातेच. त्यात दिवाळीत चकल्या-शंकरपाळ्यांचं उरलेलं तेल सिंकमध्ये ओतलं जातं. स्वयंपाकघराचं पाणी त्याच खड्ड्यात येत असेल तर ते तेल थिजून फ्लोटवर बसतं. गार झालेलं तेल बाटलीत भरावं, कढई कागदाने पुसून मग घासावी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. खड्ड्यात कुणीही उतरायचं नाही. मैला कुजताना हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. हवेपेक्षा जड, त्यामुळे तळाशी साचतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण 100 पीपीएमच्या आसपास गेलं की नाकाची जाणीवच मरते. वास गेला म्हणजे गॅस गेला असं समजून माणूस उतरतो. प्रमाण आणखी वाढलेलं असेल तर एक-दोन श्वासांत शुद्ध हरपते. त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि तोही आतच राहतो. तोंडाला बांधलेला रुमाल इथे काहीही कामाचा नाही. मिथेनही असू शकतो, म्हणून आत काडी पेटवून बघू नये.

2013 च्या कायद्याने संरक्षक साधनं न देता कुणालाही गटार किंवा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईला लावणं हा गुन्हा ठरवला. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गटारमृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये 10 लाख सांगितली होती, ती ऑक्टोबर 2023 मध्ये 30 लाख केली. तरीही सोसायट्या चार पैशांसाठी नाक्यावरून माणूस बोलावतात, याची मला चीड येते.

न उतरता काम व्हावं अशी सोय बांधकामातच करता येते. पंप गाइड पाइपवर बसवावा, म्हणजे साखळी ओढली की वर येतो. पंप दोन असावेत, आलटून पालटून चालणारे. पाणी धोक्याच्या पातळीला आलं की वाजणारा अलार्म वेगळ्या फ्लोटवर आणि वेगळ्या वीजजोडणीवर असावा. गच्चीचं पावसाळी पाणी या खड्ड्यात सोडू नये; जुलैतल्या एका सरीत दोन्ही पंप कमी पडतात.

आणि पंप बंद पडलाच, तर पॅनेलची वीज तोडावी, गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करावा, घरोघर निरोप द्यावा आणि सक्शन टँकर बोलवावा. गटार आणि सेप्टिक टँकच्या सुरक्षित सफाईसाठी 14420 ही हेल्पलाइन आहे. हा क्रमांक पॅनेलच्या दारावर रंगाने लिहून ठेवावा.