कोळसा वस्तीतलं मैदान कुणाचं?

नागपूरच्या उत्तरेला कोराडी-खापरखेड्याकडे निघालं की वीज केंद्रांच्या उंच चिमण्या दुरूनच दिसायला लागतात. याच पट्ट्यात दगडी कोळशाच्या खाणी आहेत. सिलेवाडा, पाटणसावंगी, सावनेर, वलनी ही नावं नागपूरकरांच्या ओळखीची. यातल्या वलनीचं नाव मात्र कोळशामुळे नाही, तर एका वेगवान गोलंदाजामुळे देशभर गेलं. तो गोलंदाज म्हणजे उमेश यादव.

उमेशचे वडील तिलक यादव पोटापाण्यासाठी उत्तर प्रदेशातून इकडे आले आणि खाणीत कामाला लागले. वेस्टर्न कोलफिल्ड्स, म्हणजे आपण सगळे ‘वेकोलि’ म्हणतो तिची ही खाण. घर कामगार वसाहतीत. पोरानं सरकारी नोकरी धरावी एवढीच बापाची इच्छा. उमेशनं पोलीस भरतीही देऊन पाहिली, पण ती थोडक्यात हुकली. विशीत येईपर्यंत त्याचं क्रिकेट टेनिस बॉलवरच चाललेलं. मग विदर्भ जिमखान्याकडून खेळताना हातात लेदर बॉल आला आणि गाडी रुळावर लागली. नोव्हेंबर २००८ मध्ये तो मध्य प्रदेशविरुद्ध पहिला रणजी सामना खेळला. मे २०१० मध्ये भारताच्या वन-डे संघात आला आणि नोव्हेंबर २०११ मध्ये दिल्लीला वेस्ट इंडिजविरुद्ध कसोटी खेळला. विदर्भाकडून खेळत कसोटीपर्यंत पोहोचलेला हा पहिला खेळाडू. पुढे ५७ कसोटींत त्यानं १७० बळी घेतले. आणि गंमत बघा, वडिलांना हवी होती ती नोकरीही २०१७ मध्ये क्रिकेटमुळेच मिळाली, तीही रिझर्व्ह बँकेत!

ही गोष्ट आपण सगळ्यांनी कौतुकानं वाचली, मुलांना वाचून दाखवली. पण मैत्रिणींनो, ती वाचताना एक प्रश्न कधी मनात आला का? कोळशाच्या वसाहतींत पोट्टे संध्याकाळी मैदानावर टेनिस बॉल फेकत असतात, त्या वेळी त्यांच्या बहिणी कुठे असतात?

खाण तिथे मैदान

खाण आणि खेळ यांचं नातं फार जुनं आहे, आणि ते फक्त आपल्याकडचं नाही. खाणीच्या गावात सगळे एकाच मालकाचे कामगार असतात. घरं शेजारी शेजारी, भोंगा एकच. तीन पाळ्यांत काम चालतं, त्यामुळे कोणत्याही वेळी कुणी ना कुणी मोकळं असतंच. मेहनतीनं अंग तयार झालेलं असतं. करमणुकीची दुसरी साधनं फारशी नसतात. मग वसाहतीच्या कडेला एक मोकळी जागा असली की तिचं मैदान होतं. या खाणीचा संघ विरुद्ध त्या खाणीचा संघ अशी चुरस लागते.

इंग्लंडचा हेरॉल्ड लारवूड आठवतो? १९३२-३३ च्या ‘बॉडीलाइन’ मालिकेत ज्याच्या गोलंदाजीनं ऑस्ट्रेलिया हादरली, तो. नॉटिंगहॅमशायरमधल्या खाण कामगाराचा हा मुलगा चौदाव्या वर्षी स्वतःही खाणीत लागला होता. तिथे तो कोळशाच्या गाड्या ओढणाऱ्या घोड्यांबरोबर काम करायचा.

अमेरिकेत क्रिकेटच्या जागी बेसबॉल होता. पेनसिल्व्हेनिया राज्यात दगडी कोळशाचा मोठा पट्टा आहे. तिथल्या शामोकिन, हेझलटन, पॉट्सविल यांसारख्या छोट्या गावांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपापले संघ उभे केले. मोठ्या शहरांचे संघ ‘मेजर लीग’मध्ये खेळायचे, तर या गावांचे संघ ‘मायनर लीग’मध्ये, म्हणजे खालच्या पायरीवर. आपल्याकडे पोरगा गल्लीतून क्लबात, क्लबातून रणजीत आणि रणजीतून भारताच्या संघात चढतो ना, तशीच ही शिडी. १९०१ मध्ये या छोट्या लीगांनी एकत्र येऊन आपली संघटना केली आणि त्यांना अ, ब, क, ड असे वर्ग लावून दिले. ‘ड’ वर्गातल्या गावाकडचा पोरगा चांगला खेळला की एकेक पायरी वर जायचा.

शामोकिनचा स्टॅन कोवेलेस्की असाच वर गेला. बाराव्या वर्षी तो खाणीवर कामाला लागला. आठवड्याला ७२ तास काम आणि मजुरी पावणेचार डॉलर. म्हणजे तासाला जेमतेम पाच सेंट. अंधार असताना घर सोडायचं आणि अंधार पडल्यावरच परतायचं. सूर्य दिसायचा तो रविवारी. संध्याकाळी हा पोरगा पत्र्याच्या डब्यावर दगड मारत बसायचा. त्यातूनच त्याचा नेम पक्का झाला. आधी गावच्या संघानं आणि मग छोट्या लीगनं त्याला उचललं. १९२० च्या अंतिम मालिकेत त्यानं क्लीव्हलँडच्या संघाला एकट्याच्या फेकीवर तीन सामने जिंकून दिले. शिडी होती म्हणून तो खाणीतून बाहेर पडला. दगड मारणारी पोरं तर तिथं घरोघरी असतील.

लिझीची एकच खेळी

आता त्याच कोळसा पट्ट्यातल्या एका मुलीची गोष्ट ऐका. महानॉय सिटी हे तिथलं आणखी एक खाणीचं गाव. लिझी अर्लिंग्टन इथलीच. मैदानावर ती याच नावानं ओळखली जायची. ५ जुलै १८९८ या दिवशी ती रीडिंगच्या संघाकडून ॲलनटाउनविरुद्ध मैदानात उतरली. संघाचं नावही बघा, ‘कोल हीव्हर्स’, म्हणजे कोळशाची ओझी वाहणारे! पुरुषांच्या अधिकृत मायनर लीग सामन्यात खेळलेली पहिली स्त्री म्हणून तिची नोंद होते. अंगात करड्या रंगाचा पोशाख आणि गुडघ्यापर्यंतचा स्कर्ट. सामना बघायला हजारावर माणसं आलेली आणि त्यात शे-दोनशे बायका. शेवटच्या डावात चेंडू तिच्या हातात दिला गेला. समोरच्या संघाला तिनं एकही धाव काढू दिली नाही आणि रीडिंगनं सामना ५-० असा जिंकला.

पुढे काय झालं? काहीच नाही. त्या लीगचा अध्यक्ष एड बॅरो पुढे बेसबॉलमधला फार मोठा माणूस झाला. लिझीला त्यानं आणलं होतं ते गर्दी जमवण्यासाठी. नवलाई सरली आणि लिझीची पायरी काढून घेतली गेली. मग ती गावोगाव फिरून प्रदर्शनी सामने खेळणाऱ्या बायकांच्या संघात गेली. कोवेलेस्कीसारखा पोरगा चांगला खेळला की वर चढायचा. लिझी चांगली खेळली आणि घरी गेली.

जून १९५२ मध्ये त्याच पेनसिल्व्हेनियातल्या हॅरिसबर्गच्या संघानं एलिनॉर एंगल नावाच्या स्टेनोग्राफर तरुणीला करारबद्ध केलं. ती एकही सामना खेळली नाही, त्याआधीच छोट्या लीगांच्या संघटनेनं फर्मान काढलं की बायकांशी केलेला करार मान्य होणार नाही. जी गोष्ट आजवर नुसती चालत नव्हती, ती आता नियमानंच बंद झाली.

आपल्याकडचं १९५२

त्याच १९५२ साली आपल्या देशात खाण कायदा आला. त्यानं बायकांना जमिनीखालच्या कामाची बंदी केली. जमिनीवरचं कामही सकाळी सहा ते संध्याकाळी सातच्या आतच. हेतू संरक्षणाचा होता, हे खरंच. पण खाण हे पुरुषांचं राज्य आहे, ही समजूतही त्यानं पक्की केली.

मुळात तसं नव्हतं. आपल्या कोळसा खाणींत बायका नवऱ्याच्या जोडीनं खाली उतरायच्या. तो कोळसा फोडायचा, ती टोपल्या भरून वाहायची. १९२९ पासून त्यांना टप्प्याटप्प्यानं बाहेर काढायला सुरुवात झाली आणि १९३९ पर्यंत जमिनीखालचं काम बंद झालं. मग महायुद्ध आलं, कोळसा कमी पडला, माणसं मिळेनात. १९४३ मध्ये बंदी उठवली गेली. नागपूर राजधानी असलेला आपला जुना मध्य प्रांत त्यात पहिला होता. तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात या निर्णयावर टीका झाली. बाबासाहेबांनी ही अडचणीच्या काळापुरती सोय असल्याचं सांगितलं आणि त्याच वेळी एक गोष्ट ठासून मांडली, की समान कामाला बाईलाही पुरुषाइतकाच दाम मिळेल. १९४६ मध्ये युद्ध संपल्यावर बंदी परत आली. गरज होती तेव्हा बोलावलं, गरज सरल्यावर परत पाठवलं. लिझीचंही हेच झालं, नाही का?

त्याच १९४४ साली कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधी सुरू झाला. खाणीतून निघालेल्या कोळशावर उपकर बसवायचा आणि त्या पैशातून कामगारांसाठी घरं, पाणी, दवाखाना, शिक्षण आणि करमणूक यांची सोय करायची, अशी ती योजना. १९७३ मध्ये खाणी सरकारी झाल्या आणि १९७५ मध्ये वेकोलि आली. वसाहती वाढल्या, शाळा आणि क्लब आले, मैदानंही आली. म्हणजे कोळसा वस्तीतली सोय ही कुणाची मेहरबानी नव्हे. ती कोळशाच्या कष्टातून उभी राहिली, आणि त्या कष्टात बाईचा वाटा आहे. डोक्यावर टोपल्या वाहिल्या तो तर आहेच. पण तिन्ही पाळ्यांचे डबे भरणं, काळे कपडे घासणं, रातपाळीहून आलेला माणूस झोपला आहे म्हणून भर दुपारी लेकरांना गप्प बसवणं, हाही तिचाच वाटा. मग मैदानावर तिच्या लेकीचा वाटा का नको?

शिडी आता आहे

आज एक गोष्ट बदलली आहे, आणि ती आपल्याला ठाऊक असायला हवी. २०१९ मध्ये सरकारी अधिसूचनेनं तांत्रिक आणि देखरेखीच्या कामासाठी बायकांना जमिनीखाली जायची वाट मोकळी झाली. २०२१ मध्ये झारखंडच्या खाणीत आकांक्षा कुमारी ही कोल इंडियाची जमिनीखाली काम करणारी पहिली महिला मायनिंग इंजिनिअर झाली.

खेळातही लिझीला मिळाली नाही ती शिडी आता उभी आहे. मुलींसाठी १५ वर्षांखालच्या गटापासून स्पर्धा आहेत. वरच्या टोकाला मार्च २०२३ मध्ये सुरू झालेली महिला प्रीमियर लीग आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये क्रिकेट मंडळानं भारताकडून खेळणाऱ्या मुलींचं सामन्याचं मानधन मुलांइतकंच केलं. कोळशाच्या खाणीतल्या बाईसाठी बाबासाहेबांनी १९४४ मध्ये मांडलेला तोच समान दामाचा नियम. तो मैदानावर यायला ७८ वर्षं लागली! नागपूरची मोना मेश्राम २०१७ च्या विश्वचषकात उपविजेत्या ठरलेल्या भारतीय संघात होती. अमरावतीची भारती फुलमाळी २०१९ मध्ये भारताकडून खेळली. आणि २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक उंचावला, तेव्हा घराघरात कोण जागं नव्हतं?

पण शिडीची वरची टोकं कितीही चकचकीत असली तरी तिची खालची पायरी जमिनीला टेकलेली लागते. ती पायरी म्हणजे वसाहतीतलं, गावातलं, शाळेतलं मैदान. उमेशसाठी ती होती. टेनिस बॉल होता, सोबती होते आणि संध्याकाळचा वेळ होता. मुलीला यातलं काय मिळतं? संध्याकाळी पाणी भरायचं असतं, धाकट्याला बघायचं असतं. मैदानावर मोठ्या पोरांचा कब्जा असतो, कडेला टवाळकी असते. बाथरूमची सोय नसते आणि परतताना रस्त्यावर दिवा नसतो. बारा-तेरा वर्षांची झाली की ‘आता पुरे’ हे वाक्य तर ठरलेलंच. मुलींना खेळायला आवडत नाही असं आपण म्हणतो, तेव्हा ही यादी आठवावी.

आणि ही यादी पुसणं अगदीच हाताबाहेरचं नाही. वसाहतीतल्या चार-पाच आयांनी मिळून मैदानावरचा एक तास मुलींसाठी मागून घ्यावा. सुरुवातीला आलटून-पालटून एकीनं तिथे जाऊन बसावं. आई बसलेली असली की टवाळकी आपोआप बंद होते. दिवा आणि बाथरूम यांसाठी ग्रामपंचायतीकडे किंवा वसाहतीच्या कार्यालयात सह्यांचा अर्ज द्यावा. शाळेतल्या खेळाच्या सरांना विचारावं, की मुलांचा संघ तालुक्याला जातो, मग मुलींचा का जात नाही? आणि घरात निदान एवढं करावं, की संध्याकाळचं पाणी एक दिवस लेकीनं भरलं तर दुसऱ्या दिवशी लेकानं भरावं.

आपल्या सगळ्याच पोरी काही विश्वचषकाला जाणार नाहीत. वलनीतली सगळी पोरं तरी कुठे गेली? पण त्यांच्यातला एक गेला, कारण खेळायला सगळ्यांनाच मिळालं होतं. आपल्या लेकींनाही आधी तेवढंच मिळू दे. पुढची पायरी त्या स्वतः शोधतील.