उजेडाचं बटण तुमच्याच हातात!

नवा फोन घेतलात, स्वस्तात मस्त! पण ‘ऑटो ब्राइटनेस’ काही सापडत नाही? शोधू नका. त्या किमतीत लाइट सेन्सर बसवलेलाच नसतो.

अशा फोनचा खरा कस लागतो तो कसारा लोकलला. खर्डी आणि कसाऱ्याच्या मधलं उंबरमाळी, पहाटेचा अंधार, ब्राइटनेस अगदी तळाला. दिवस वर आला, उघड्या प्लॅटफॉर्मवर उतरलात की स्क्रीन काळाठिक्कर! ऑफिसातला उजेड साधारण ३०० ते ५०० लक्स, भर उन्हातला १ लाखापर्यंत. आणि नेमका तेव्हाच टीसी समोर. पास मोबाईलवर असेल तर तो दाखवावाच लागतो. बॅटरी संपली ही सबब चालत नाही.

म्हणून काही जण ब्राइटनेस कायम फुल ठेवतात. माझ्या मते हा महागडा आळस. स्वस्त फोनचा स्क्रीन बहुधा एलसीडी, त्याच्या मागचा दिवा सतत जळतो. डार्क मोडनेही फारसं वाचत नाही. (ओएलईडीत काळा पिक्सेल चक्क बंद असतो, ती चैन वेगळी.) दिवाच मंद करायला हवा.

मी गाडीत बसले की वरची पट्टी ओढून स्लायडर जेमतेम वाचता येईल इतका खाली आणते. उतरण्याआधी, सावलीतच, पुन्हा वर. उन्हात अडकलातच तर सूर्याकडे पाठ करून स्वतःच्या सावलीत फोन धरा. आणि हो, २०१८च्या अँड्रॉइड ९पासून स्लायडर डोळ्यांच्या अंदाजाने चालतो. मधोमध ठेवलात तरी दिवा निम्म्याहून बराच कमी जळतो.