डिव्हिडंड ईटीएफ : खात्यात आलेला लाभांश म्हणजे नफाच का?

दर तीन महिन्यांनी खात्यात जमा झालेल्या डॉलर्सचे स्क्रीनशॉट सोशल मीडियावर फिरत असतात. त्यात एक नाव हमखास दिसतं : 'श्वाब यूएस डिव्हिडंड इक्विटी ईटीएफ' अर्थात 'एससीएचडी'. पण असा फंड चांगला की वाईट, हे तपासायचं कसं?

हा फंड काय करतो?

ऑक्टोबर 2011 मध्ये सुरू झालेला हा फंड साधारण 100 अमेरिकन कंपन्यांचे शेअर्स घेतो. सलग किमान 10 वर्षं लाभांश देणाऱ्या कंपन्यांचाच विचार होतो. त्यानंतर कर्ज, नफा आणि लाभांशातली वाढ तपासून निवड होते. फंडाचा वार्षिक खर्च 0.06 टक्के, म्हणजे 10 हजार डॉलर्सवर फक्त 6 डॉलर.

परतावा कसा मोजायचा?

लाभांश ही वरकमाई नसते. तो फंडाच्या मालमत्तेतूनच जातो, त्यामुळे लाभांशाच्या 'एक्स-डेट'ला युनिटचा भाव साधारण तेवढाच खाली येतो. म्हणून भावातला बदल आणि लाभांश यांची बेरीज, म्हणजे एकूण परतावा, पाहावा.

समजा, 100 रुपयांचं युनिट वर्षभरात 92 वर आलं आणि 4 रुपये लाभांश मिळाला. आजच्या भावावर लाभांशाचा दर 4.3 टक्के दिसेल. प्रत्यक्षात तुमचे 4 रुपये गेलेले असतात. भाव पडला की हा दर आपोआप वाढतो, त्यामुळे नुसत्या मोठ्या आकड्याला भुलू नका.

स्थैर्य किती?

2022 मध्ये 'एस अँड पी 500' निर्देशांकाने लाभांश धरूनही सुमारे 18 टक्के गमावले. एससीएचडीचा भाव साधारण साडेसहा टक्के पडला, पण लाभांश धरून तोटा जेमतेम 3 टक्के होता. 2023 मध्ये चित्र उलटलं. निर्देशांकाने 26 टक्के कमावले, तर या फंडाने सुमारे साडेचार. त्या वर्षी तेजी बड्या तंत्रज्ञान कंपन्यांची होती आणि त्यातल्या बहुतेक कंपन्या या फंडाच्या चाळणीतून पार होत नाहीत. म्हणजेच पडझडीत मिळणाऱ्या आधाराची किंमत तेजीत मोजावी लागते.

लाभांश वाढतो का, हेही पाहा. 2012 ते 2024 या काळात एससीएचडीचा प्रति युनिट वार्षिक लाभांश दरवर्षी वाढला, अगदी कोरोनाच्या 2020 मध्येही. मात्र दर तिमाहीची रक्कम सारखी नसते.

भावाचा आलेख वाचताना

ऑक्टोबर 2024 मध्ये एका युनिटची तीन युनिट्स झाली. जुन्या आणि नव्या भावाची थेट तुलना केली तर फंड दोन-तृतीयांश कोसळल्यासारखा वाटेल. प्रत्यक्षात कुणाचंही नुकसान झालं नाही. त्यामुळे विभाजन आणि लाभांश यांनुसार दुरुस्त केलेलाच आलेख पाहा.

भारतातून गुंतवणूक करताना

भारतात राहणाऱ्यांच्या अमेरिकी लाभांशातून तिथे साधारण 25 टक्के कर आधीच कापला जातो. भारतात हा लाभांश उत्पन्नात धरला जातो आणि तिकडे भरलेल्या कराची वजावट मिळवता येते. शिवाय रुपया-डॉलरचा दर परतावा वाढवू किंवा घटवू शकतो.

नियमित रोख रक्कम हवी असेल, तर असा फंड सोयीचा आहे. पण हाती पैसे येत राहिले म्हणजे संपत्ती वाढतेच असं नाही. ते फक्त एकूण परताव्यावरूनच कळतं.

(हा लेख माहितीसाठी आहे, गुंतवणुकीचा सल्ला नाही.)