परदेश किती लांब?

अचलपूर-परतवाड्याहून मुक्तागिरीला तुमच्यापैकी काही जण गेले असतील. परतवाड्यापासून हे अंतर जेमतेम पंधरा किलोमीटर. डोंगरातील धबधबा आणि जैन मंदिरे पाहून मंडळी संध्याकाळी घरी परततात. पण एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही. मुक्तागिरी महाराष्ट्रात नाही. ते मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात आहे.

आता अशी कल्पना करा, की महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश ही दोन राज्ये नसून दोन वेगळे देश आहेत. मग वर्षातून दोनदा मुक्तागिरीला जाणारा अचलपूरचा शेतकरी 'वर्षातून दोन परदेशवाऱ्या करणारा' ठरेल! बहिरमच्या यात्रेला सीमेपलीकडून येणारे लोक 'परदेशी पाहुणे' होतील. रस्ता तोच, भाडे तेच, शिदोरीही तीच. बदलला तो फक्त नकाशावरील एका रेघेचा अर्थ.

ही कल्पना अगदीच हवेतली नाही. १४९० ते १५७४ या काळात वऱ्हाडावर इमादशाहीचे राज्य होते आणि तेव्हाचे एलिचपूर, म्हणजेच आजचे अचलपूर, हे त्या राज्याचे प्रमुख ठाणे होते. त्याच काळात बऱ्हाणपुरावर खानदेशच्या फारुकी घराण्याची सत्ता होती. सरळ रेषेत मोजले तर बऱ्हाणपूर येथून सुमारे १३० किलोमीटर. तेव्हा तेथे जाणे म्हणजे परराज्यात जाणे होते. आज तोच प्रवास देशातल्या देशात होतो.

कोणत्या देशातील लोक किती वेळा परदेशी जातात, याचे आकडे वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. प्रथम आकडे पाहू. करोनाच्या साथीपूर्वीचे २०१९ हे वर्ष तुलनेला सोयीचे आहे. त्या वर्षी ब्रिटनच्या रहिवाशांनी सुमारे ९ कोटी ३० लाख परदेशवाऱ्या केल्या. ब्रिटनची लोकसंख्या साडेसहा कोटींहून थोडी अधिक. म्हणजे दर शंभर माणसांमागे सुमारे १४० वाऱ्या झाल्या. ऑस्ट्रेलियात हे प्रमाण शंभरी सुमारे ४५, अमेरिकेत सुमारे ३०, तर जपानमध्ये सुमारे १६ होते. आणि भारतात? भारतीयांच्या परदेशवाऱ्या होत्या २ कोटी ६९ लाख. आकडा मोठा दिसतो. पण शंभरी प्रमाण काढले तर ते फक्त २ येते.

हे वाचून कोणी म्हणेल, "ब्रिटिशांना प्रवासाची हौस, जपानी घरकोंबडे आणि आपण तर त्याहून घरकोंबडे!" पण हा निष्कर्ष घाईचा होईल. विज्ञानाचा विद्यार्थी आधी विचारील: हा फरक हौसेचा आहे, की आणखी कशाचा?

पहिले कारण भूमितीचे आहे. लक्झेंबर्ग हा युरोपातील एक चिमुकला देश. त्याचे क्षेत्रफळ २,५८६ चौरस किलोमीटर. आपला एकटा अमरावती जिल्हा सुमारे १२,२०० चौरस किलोमीटरांचा आहे. त्यात चार लक्झेंबर्ग बसवून वर जागा उरेल. सोयीसाठी लक्झेंबर्ग हा ५० किलोमीटर बाजूचा चौरस आहे असे माना. त्यातील कोणतेही गाव सीमेपासून २५ किलोमीटरांपेक्षा दूर असूच शकत नाही. भारत हा असाच सुमारे १,८०० किलोमीटर बाजूचा चौरस माना. सीमेपासून २५ किलोमीटरांच्या आत किती भाग येईल? चारही बाजूंनी २५ किलोमीटरांची पट्टी सोडली, की आत १,७५० किलोमीटर बाजूचा चौरस उरतो. दोन्ही क्षेत्रफळांची वजाबाकी करून पाहा. पट्टीत देशाचा केवळ साडेपाच टक्के भाग येतो!

अचलपूरच उदाहरणाला घ्या. येथून कोणत्याही दिशेला निघा, ७०० किलोमीटरांच्या आत आंतरराष्ट्रीय भूसीमा लागत नाही. याउलट लक्झेंबर्गमध्ये रोज दोन लाखांहून अधिक माणसे शेजारच्या फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीतून कामाला येतात व रात्री घरी जातात. अमेरिका श्रीमंत असूनही मागे का, याचे उत्तरही बरेचसे येथेच आहे. देश खंडाएवढा, आणि अमेरिकनांच्या परदेशवाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक मेक्सिको व कॅनडा या शेजाऱ्यांकडेच झालेल्या असतात.

दुसरे कारण नियमांचे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये केवळ पर्यटनासाठी परदेशी जाण्यास परवानगी नव्हती. १ एप्रिल १९६४ रोजी हे बंधन उठले. त्या वर्षी सुमारे १ लाख २८ हजार जपानी परदेशी गेले. २०१९ मध्ये ही संख्या २ कोटींवर गेली. युरोपात १९८५ साली शेंगेन या लक्झेंबर्गमधील गावी करार झाला आणि १९९५ पासून अनेक देशांच्या सीमांवरील तपासणी बंद झाली. आपल्याकडेही १९९१ पूर्वी परकीय चलन मिळवणे फार अवघड असे. १९९१ साली भारतीयांच्या परदेशवाऱ्या होत्या अवघ्या १९ लाखांच्या आसपास, म्हणजे चारशेहून अधिक माणसांमागे एक.

तिसरे कारण अर्थातच पैसा आणि सुटी. वऱ्हाडचा कापूस शंभर वर्षांपूर्वीच मुंबईमार्गे विलायतेला पोहोचला; तो पिकवणारा मात्र क्वचितच गेला. पापळचे पंजाबराव देशमुख १९२० साली शिक्षणासाठी इंग्लंडला गेले, किंवा अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकला गेले, तेव्हा तशा घटना विरळाच होत्या.

चौथी गोष्ट मोजणीची. भारत आणि नेपाळ यांच्यात १९५० च्या करारामुळे नागरिकांना पारपत्र व व्हिसा लागत नाही. सीमेवरच्या गावचा माणूस बाजाराला पायी पलीकडे जाऊन येतो. त्याची नोंद विमानतळावरील प्रवाशासारखी होत नाही. म्हणजे जो परदेशी सर्वांत अधिक वेळा जातो, तोच आकड्यातून निसटतो!

आता सर्वांत महत्त्वाचा सापळा पाहू: सरासरी. पन्नास विद्यार्थ्यांच्या वर्गात वर्षभरात ७० परदेशवाऱ्या झाल्या, तर प्रमाण शंभरी १४०, म्हणजे ब्रिटनइतके. पण त्यांत सात मुले प्रत्येकी दहा वेळा गेली आणि त्रेचाळीस जण एकदाही गेले नाहीत, असेही असू शकते. सरासरी दोन्हीकडे सारखीच! म्हणून 'एकूण किती वाऱ्या?' याबरोबरच 'किती माणसे गेली?' हेही विचारावे लागते. स्टेफान गॉसलिंग आणि आंद्रेआस हुम्पे या संशोधकांनी २०२० साली असाच हिशेब जगासाठी मांडला. २०१८ मध्ये जगातील सुमारे ११ टक्के लोकांनीच विमानप्रवास केला, आणि दुसऱ्या देशात विमानाने गेलेले लोक फार तर ४ टक्के होते. प्रवासी विमानांतून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी निम्म्याहून अधिक वायूला जगातील फार तर एक टक्का लोक कारणीभूत आहेत, असा त्यांचा अंदाज आहे.

हा केवळ आकडेमोडीचा खेळ नाही. हवेत सोडलेला वायू सीमा पाहत नाही. वातावरण तापले आणि पावसाचे वेळापत्रक बिघडले, तर त्याचा फटका पावसावर कपाशी घेणाऱ्या वऱ्हाडी शेतकऱ्यालाही बसतो. मग तो विमानात कधी बसलेला असो वा नसो. 'माणसे फार प्रवास करतात' असे सरसकट म्हणणे म्हणजे त्याच्या नावावर दुसऱ्याचे बिल मांडणे होय.

करून पाहा: तुमच्या वर्गातील पन्नास घरांना विचारा, गेल्या बारा महिन्यांत राज्याची सीमा किती वेळा ओलांडली? दोन रकाने करा. एकात फेऱ्या, दुसऱ्यात त्या करणारी माणसे. कामासाठी, लग्नासाठी, देवदर्शनासाठी आणि दवाखान्यासाठी अशी कारणेही लिहा. जमल्यास जालन्यासारख्या सीमेपासून दूरच्या गावातील एखाद्या शाळेकडून अशीच माहिती मागवा. दोन्ही तक्ते शेजारी ठेवले, की फरकातला किती भाग हौसेचा आणि किती भाग नकाशाचा, हे तुमचे तुम्हालाच ठरवता येईल.